देवाचं भय आणि मावशींचा पगार



आपल्या मंडळीच्या समितीने मला व्याख्यानाला विषय दिला तो असा : ‘ख्रिस्ती जीवनात देवाविषयीचं आदरयुक्त भय कसं जोपासावं?’ हा विषय कानावर पडताच आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी फोनवरच अर्धं व्याख्यान देऊन टाकलं. पूर्वी बायका डोक्यावर पदर घेतल्याशिवाय देवळाची पायरी चढत नसत. चपला बाहेर निघत. दुसरी घंटा झाली की टाचणी पडली तरी ऐकू यावी. आता प्रार्थना चालू असताना मोबाईल वाजतो, प्रभुभोजनाचं ताट फिरत असताना कोणीतरी उभं राहून त्याचा व्हिडिओ काढतं, आणि आशीर्वादवचन पुरं व्हायच्या आत निम्मी मंडळी पार्किंगमध्ये असते. ‘धाकच राहिला नाही कुणाला,’ असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तक्रार खोटी नाही. मोबाईलचा मलाही राग येतो, आणि ढोलकी-गिटारीबद्दल माझं मत इथल्या तरुणांना आवडणार नाही म्हणून ते मी घरीच ठेवून आलो आहे. पण एक शंका मनातून जात नाही. ज्या शांत, पदर घेतलेल्या, चपला काढलेल्या मंडळीची आठवण आपण काढतो, तिच्यात देवाचं भय होतं की पाळकसाहेबांचं, मिशनच्या साहेबाचं आणि पंचांचं? वरच्याचा धाक गेला म्हणून देवाचं भय गेलं, असा हिशोब आपण मांडतो आहोत का? या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या तर आजच्या विषयाचं निम्मं काम झालं, असं मी धरून चालतो.

त्यासाठी आधी जरा जुन्या, धुळीच्या जागी जाऊ. लेवीय हे पुस्तक आपण सहसा भरभर उलटतो. यज्ञ, चरबी, महारोगाची लक्षणं, भिंतीवरची बुरशी. वर्षात बायबल वाचून काढायचा निश्चय केलेले पुष्कळजण इथेच गळतात. पण एकोणिसावा अध्याय थांबून वाचावा असा आहे. शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करण्याची आज्ञा, जी प्रभू येशूने दोन मोठ्या आज्ञांपैकी एक म्हणून सांगितली, ती मुळात इथली. आणि देवाचं भय धरण्याची आज्ञा याच अध्यायात चौदाव्या वचनात येते, ती कशाला जोडून येते ते पाहा. धूप, वेदी, पडदा यांना जोडून येत नाही. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नये, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, देवाचं भय धरावं, असा तो क्रम आहे.

हे दोघेच का? बहिऱ्याला शिवी दिली तर ती त्याला ऐकू येणार नाही. त्याचा चेहरा उतरणार नाही, तो उलट बोलणार नाही, तक्रार घेऊन कोणाकडे जाणार नाही. आंधळ्याच्या वाटेत धोंडा सरकवला तर तो पडेल, पण धोंडा कुणाचा हे त्याला कधीच कळणार नाही. साक्षीदार नाही, पुरावा नाही. माणसाला माणसाकडून जिथे काहीच जाब विचारला जाण्याची शक्यता नाही, नेमक्या तिथे शास्त्र देवाचं नाव घेतं. पुढे बत्तिसाव्या वचनात म्हाताऱ्या माणसापुढे उठून उभं राहायला सांगितलं आहे, तिथेही हीच जोड. पंचविसाव्या अध्यायात जमिनीच्या व्यवहारात एकमेकांना नाडू नका म्हटलं आहे, तिथेही. कर्जापायी राबायला आलेल्या भावाला कठोरपणे राबवू नका, तिथेही. आणि बहिऱ्या-आंधळ्याच्या वचनाच्या अगदी आधीचं वचन काय, तर मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशी ठेवून घेऊ नका.

पवित्रस्थानाचा मान राखण्याची आज्ञाही त्याच अध्यायात आहे, हे मी लपवत नाही. पदर आणि चपला यांना शास्त्रात आधार नाही असं म्हणणारा मी नव्हे. पण दोन्ही आज्ञा एका अध्यायात, एका दमात दिलेल्या आहेत. आपण एक फ्रेम करून भिंतीला लावली आणि दुसरी आली की पान उलटलं.

आता निर्गमचा पहिला अध्याय. इब्री बायकांचं बाळंतपण करताना मुलगा झाला तर मारून टाका, असा मिसरच्या राजाचा हुकूम होतो. शिफ्रा आणि पुवा या दोन सुइणी तो पाळत नाहीत, आणि कारण दिलं आहे एकच : त्यांनी देवाचं भय धरलं. त्या राजाचं नाव ग्रंथकाराने सांगितलेलंच नाही, तो नुसता ‘फारो’. सुइणींची नावं मात्र आहेत. मला वाटतं, आमच्या स्नेह्यांच्या तक्रारीला यापेक्षा चांगलं उत्तर मिळणार नाही. धाकाने माणूस वरच्यापुढे वाकतो. शिफ्रा आणि पुवा देवाला भ्यायल्या म्हणूनच राजासमोर ताठ उभ्या राहिल्या.

इथे कोणी विचारील, की मग तो थरार कुठे गेला? यशया मंदिरात उभा आहे, उंबरठे हादरताहेत, धूर कोंडला आहे, आणि सराफीम स्वतःची तोंडं पंखांनी झाकून घेताहेत, तो अनुभव? तो आहेच. जर्मन ईश्वरविज्ञानी रुडॉल्फ ओटो 1911 साली मोरोक्कोतल्या एका साध्या सिनेगॉगमध्ये बसला असताना यशयाने ऐकलेलं ते त्रिवार ‘पवित्र’ त्याच्या कानी आलं, आणि तो हलून गेला. सहा वर्षांनी, 1917 मध्ये, पवित्राच्या अनुभवावरचा त्याचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. माणसाला एकाच वेळी मागे ढकलणारं आणि जवळ ओढणारं असं काही या अनुभवात असतं, हे त्याचं म्हणणं. माझी अडचण एवढीच, की ओटो वाचून पुष्कळांना तो थरार म्हणजेच सगळं वाटू लागतं. मग तो दर रविवारी साडेनऊला आला पाहिजे, नाही आला तर दिवे मंद करून, की-बोर्डवर एक सूर धरून ठेवून तो आणवला पाहिजे. थरार आपल्या हातात नाही. जोपासणं आपल्या हातात आहे, आणि समितीने विषयात शब्दही तोच घातला आहे.

पेत्राचं पाहा. लूकच्या पाचव्या अध्यायात तो देवळात नाही, कामावर आहे. रात्रभर जाळी टाकून हाती काही लागलेलं नाही. सकाळी तो आणि त्याचे सोबती किनाऱ्यावर जाळी धुताहेत. वसईच्या किंवा उत्तनच्या किनाऱ्यावर ज्यांनी सकाळ काढली आहे त्यांना ती वेळ ठाऊक असेल : अंगात झोप, हातात मीठ, डोक्यात डिझेलचा हिशोब. पेत्राला डिझेलचा त्रास नव्हता, बाकी तेच. अशा माणसाला एक सुताराचा मुलगा सांगतो, खोलात चला आणि जाळी सोडा. मासेमारी हा पेत्राचा प्रांत. कोणत्या वेळी कुठे मासळी लागते हे त्याला त्याच्या बापाने शिकवलं असणार. तो जरा कुरकुरत, पण सांगणाऱ्याचा मान राखून जाळी सोडतो. मग जाळी फाटू लागतात, दुसरी होडी बोलवावी लागते, दोन्ही होड्या मासळीच्या ओझ्याने बुडायला येतात.

अशा वेळी कोळी काय करील? मासळी सांभाळील. पेत्र त्या मासळीतच येशूच्या गुडघ्यांशी पडतो आणि म्हणतो, माझ्यापासून दूर जा, मी पापी माणूस आहे. जिथे तो तरबेज होता, जिथे त्याला देवाची गरज वाटत नव्हती, तिथेच त्याला भय वाटलं. आणि येशू दूर जात नाही. भिऊ नको म्हणतो आणि लगेच कामाला लावतो. यशयाचंही तसंच. ओठांना निखारा लागतो आणि पुढच्याच क्षणी कोणाला पाठवू असा प्रश्न येतो. भयाची परिणती कामात झाली नाही असा प्रसंग मला तरी पवित्र शास्त्रात पटकन आठवत नाही.

आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांपुढे मात्र एक खास आपला प्रश्न आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा 1895 साली बाप्तिस्मा झाला आणि त्यांच्याबरोबर संतांची सगळी भाषा मंडळीत आली. ‘उपासना संगीत’ उघडलं की पानोपानी टिळक भेटतात. त्यांनी ख्रिस्ताला आई म्हटलं, गुरू म्हटलं. साहेबी प्रार्थनांच्या मापात बसवलेल्या मंडळीला त्यांनी देवाशी घरच्यासारखं बोलायला शिकवलं. पंढरीचे संत विठोबाशी भांडत, त्याला खडे बोल सुनावत. तोच हक्क टिळकांनी आपल्याला मिळवून दिला. मग अशा जवळिकीत भय कुठे बसवायचं? शिवाय योहानाच्या पहिल्या पत्रात तर म्हटलं आहे की पूर्ण प्रीती भीतीला घालवून देते.

मला यात विरोध दिसत नाही. संत विठोबाशी भांडतात ते त्याच्या पायांवर डोकं ठेवून. ईयोब देवाला न्यायालयात खेचायला निघतो, यिर्मया देवाने आपल्याला फसवलं म्हणतो, पण दोघांच्या बोलण्यात एक क्षणही असा येत नाही की समोर कोणी किरकोळ आहे. भांडण गंभीर आहे, कारण ज्याच्याशी आहे तो गंभीर आहे. योहान ज्या भीतीला घालवतो तिचा संबंध तो स्वतःच शिक्षेशी जोडतो. आजची अडचण जवळिकीची नाही, सवंगपणाची आहे. परीक्षेत पास कर, व्हिसा मिळू दे, प्लॉटचं काम होऊ दे, आमेन. जिवाभावाच्या माणसाकडेही आपण इतक्या घाईने काही मागत नाही. टिळकांची स्वतःची जवळीक सवंग नव्हती, तिची किंमत त्यांनी मोजली. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त यावेत अशी त्यांची कल्पना होती. दोन वर्षांत ते गेले आणि ते काम तसंच राहिलं.  

आता केडगाव. पंडिता रमाबाईंविषयी बोलताना आपण 1905 च्या जागृतीचं वर्णन आवर्जून करतो. शेकडो मुली एकदम मोठमोठ्याने प्रार्थना करीत होत्या, रडत होत्या, पापं कबूल करीत होत्या, आणि ती बातमी परदेशापर्यंत गेली. शांतता म्हणजेच भय असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या दिवसांचे वृत्तांत वाचावेत. मात्र माझं लक्ष वेधून घेते ती त्यांच्या केडगावच्या मुक्ती या संस्थेतली दुसरी एक खोली, छापखान्याची.

रमाबाई अनंतशास्त्री डोंगऱ्यांची मुलगी. लहानपणापासून तीर्थोतीर्थी पुराणं सांगत फिरलेल्या. आईवडील दुष्काळात गेले. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं ते त्यांच्या संस्कृतसाठी. या बाईने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं भाषांतर हाती घेतलं, तेही साध्या बाईला समजेल अशा मराठीत. आणि छापण्याचं काम केलं मुक्तीमधल्या बायकांनी. त्यांतल्या कितीतरी जणी 1896-97 च्या आणि त्यानंतरच्या दुष्काळात हाडांचे सापळे होऊन केडगावला आलेल्या होत्या, अक्षरओळख नसलेल्या.

खिळे जुळवण्याचं काम ज्यांनी पाहिलं आहे असे या सभागृहात आता थोडेच असतील. समोर लाकडी केस, तिच्यात लहान लहान कप्पे, प्रत्येक कप्प्यात शिशाचे खिळे. इंग्रजी जुळाऱ्याला थोड्या अक्षरांत भागतं. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं धरून शेकडो प्रकारचे खिळे लागतात. अक्षर उलटं, आरशातलं. डाव्या हातात पट्टी धरून उजव्या हाताने एकेक खिळा उचलायचा, ओळ भरली की चापायची, पान बांधायचं, शाई लावून मुद्रित काढायचं, चुका शोधायच्या, चुकलेला खिळा चिमट्याने उपसून दुसरा बसवायचा. पान छापून झालं की सगळे खिळे धुऊन पुन्हा ज्याच्या त्याच्या कप्प्यात. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, एकेका खिळ्याने. कुणी टाळ्या वाजवायला नाही. चुकीची वेलांटी राहिली असती तर गावोगावच्या किती वाचकांना कळलं असतं? तरीही ती शोधायची. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या, त्या आधी काम हातावेगळं केलं होतं. ग्रंथ वाचकांच्या हाती पडला तो त्यांच्या मागे, 1924 मध्ये.

देवाचं भय कसं जोपासावं असा प्रश्न त्या जुळारी बायकांना कोणी विचारला असता तर त्या बहुधा हसल्या असत्या आणि मुद्रित पुढे केलं असतं. त्याच मुक्तीमध्ये आंधळ्या बायकांसाठी वेगळी व्यवस्था होती. त्यांना ब्रेल शिकवत, हातांना काम देत. लेवीयच्या चौदाव्या वचनात आंधळ्याच्या वाटेत धोंडा ठेवू नये एवढंच आहे. रमाबाईंनी त्यांच्यासाठी वाट बांधली.

आता जरा अवघड भागाकडे. करिंथच्या मंडळीला पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय आपण प्रभुभोजनाच्या वेळी वाचतो. अयोग्य रीतीने भाकर खाणारा आणि प्याला पिणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो, हा इशारा ऐकून आपल्या आया घाबरून आदल्या रात्री जेवत नसत, सासूची क्षमा मागून येत. चांगलंच होतं ते. पण करिंथमधला अयोग्यपणा कोणता होता, हे त्याच अध्यायात वर सांगितलं आहे. तिथे लोक जमत, प्रत्येकजण आपापलं जेवण आधी उरकून घेई. पैसेवाले पोटभर खाऊनपिऊन मोकळे होत, आणि गरीब भुकेले बसून राहत. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, असं पौल म्हणतो. मेजावर मोबाईल वाजला म्हणून तो रागावलेला नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न जातीच्या रूपात आला. एका पंगतीत, एका प्याल्यातून घेणं ही इथे सुरुवातीपासून कसोटी होती, कारण ते उपदेशापेक्षा कितीतरी जड होतं. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात स्वतःबद्दल जे सांगितलं आहे ते यासाठी मला मोलाचं वाटतं. नवरा ख्रिस्ती झाला, काही वर्षांनी त्या त्याच्याकडे राहायला आल्या, पण सोवळं सुटेना. मग जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी आपल्याशीच निकाल लावला आणि सोवळं सोडलं. बाप्तिस्मा त्यानंतरचा. मला तर वाटतं, लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातली पहिली ख्रिस्ती उपासना म्हणजे सोवळं सोडण्याचा तो क्षण.

आणि आज? सवा शतकानंतरही स्थळ पाहताना आपल्यात हळूच विचारतात, ‘मूळचे कोण?’ विचारणारे प्रभुभोजन चुकवत नाहीत, पदरही घेतात.

गुरुजींविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही, कारण ही व्याख्यानमाला त्यांच्या नावाने आहे. ते मोठे वक्ते नव्हते. प्रार्थना करीत ती इतकी आखूड, की पाहुण्यांना अजून काही येईल असं वाटे. शनिवारी संध्याकाळी प्रभुभोजनाचे छोटे पेले ते स्वतः धूत. एकेक पेला उजेडाकडे धरून पाहत, फडक्याने पुसून पालथा ठेवत. कोणी मदतीला गेलं तर आधी हात धुवून या म्हणत. त्याच वेळी देवळाची झाडलोट करणाऱ्या मावशी आत येत. गुरुजी उठून उभे राहत आणि ‘या मावशी, बसा’ म्हणत. मावशी बसत नसत. मग गुरुजीही उभेच राहत आणि उभ्याउभ्याने पेले पुसत. आम्ही पोरं हसायचो. मावशींचा महिन्याचा पगार ते पहिल्या तारखेला देत, समितीचे पैसे आले नसतील तर आपल्या पेन्शनमधून देऊन नंतर वळते करून घेत. याबद्दल ते कधी संडे स्कूलमध्ये बोलले नाहीत. लेवीय 19 मात्र त्यांनी आमच्याकडून पाठ करून घेतला होता.

पाठांतराचा मी पक्षपाती आहे, हे यावरून आपल्या लक्षात आलं असेल. मुलांना स्तोत्रं पाठ करायला लावा, अर्थ नंतर कळला तरी चालेल. उपासनेला पाच मिनिटं आधी या. शास्त्रपाठ झाल्यावर वाचणाऱ्याने लगेच खाली बसू नये, थोडं थांबावं. गुडघ्यांना झेपत असेल त्यांनी गुडघे टेकावेत, कारण शरीर मनाच्या आधी शिकतं. देवाचं नाव बोलण्यात उठता-बसता वापरू नये, विशेषतः दुसऱ्याला गप्प बसवण्यासाठी. मोबाईल बंद ठेवावा, हे आमच्या स्नेह्यांसाठी. ही सगळी जोपासना आहे आणि ती मला हवीच आहे.

पण समितीने मला बोलावण्याचं धाडस केलंच आहे तर एक व्यवहाराची सूचना करतो. पुढच्या महिन्यात आपली वार्षिक सभा आहे. विषयपत्रिका मी पाहिली. नव्या ध्वनिव्यवस्थेचा ठराव दुसऱ्या क्रमांकावर आहे, आणि झाडलोटीच्या मानधनाचा ‘आयत्या वेळचे विषय’ यात, म्हणजे जेवणाची पानं मांडली गेल्यानंतर. गुरुजींच्या वेळच्या मावशी आता नाहीत, त्यांची सून ते काम करते. तिचा पगार किती आणि तो कोणत्या तारखेला मिळतो, हे या सभागृहातल्या किती जणांना माहीत आहे? हात वर करायला सांगत नाही. तो विषय पहिल्या क्रमांकावर घ्यावा, प्रार्थना झाल्यावर लगेच, असा माझा प्रस्ताव आहे. अनुमोदन कोण देणार ते सभेत पाहू.